टाचेखालची पट्टी

थॉर्नगिल, यॉर्कशर
मंगळवार, १२ ऑक्टोबर १९९३

प्रिय रेग,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तू आणि मॉली बरे आहात हे वाचून बरं वाटलं. या दमट हवेत तुझा डावा घोटा कुरकुरत असेल. खाणीत पडलास तेव्हापासून त्याने तुला एक शरद ऋतू सुखाचा जाऊ दिलेला नाही.

मी ठीक आहे. छपरावरच्या स्लेटच्या दोन फरश्या निसटल्या होत्या, त्या मोटारसायकल क्लबच्या सायरलने येऊन बसवल्या. मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्यात, त्यामुळे रस्त्यावर सध्या त्यांचंच राज्य आहे. वाचनालयाची गाडी आता पंधरवड्यातून एकदाच येते, म्हणून मी जाडजूड पुस्तकं घेऊन ठेवते. सध्या हिमनद्यांबद्दल वाचते आहे. आपली दरी बर्फाने कोरली म्हणे, आणि तीही इतक्या सावकाश, की कुणी शेजारी उभं राहून पाहत बसलं असतं तरी त्याला काही हललेलं दिसलं नसतं. तुझ्या भावाला, क्लेमला, हे आवडलं असतं. मोटारसायकलवरून पाय न टेकता खडक चढायच्या ज्या स्पर्धांना तो शर्यत म्हणायचा, त्यात सगळे चालण्याच्याच वेगाने जायचे.

तुझा जुना मेणकापडी कोट मी अजून वापरते. ओढ्यात उभं राहून गुण लिहायला त्याच्यासारखा दुसरा नाही, आणि मला बाह्याही दुमडाव्या लागत नाहीत. मागच्या रविवारीही गेले होते. सायरल म्हणाला, "डोरीन, तू नसलीस तर हे सगळे पाय टेकून टेकून वर चढतील आणि शून्य लिहून घेतील." तीस वर्षं मी त्या दगडांपाशी हेच करत आले आहे. पाय टेकला की दंडाचा एक गुण, गाडी थांबली की पाच, आणि नवरा असला तरी तेच.

आता तुझ्या पत्राबद्दल. जरा चहा टाकून येते.

चहा झाला. मग कोंबड्यांचं दार बघितलं, मग शेडचं कुलूप बघितलं, ते लावलेलंच होतं. हल्ली माझं असंच चालतं. बसले की उठते. पुस्तकाचं एक पान होत नाही तोवर दारात जाऊन उभी राहते, आणि कशासाठी आले होते ते आठवत नाही.

बुधवार

काल लिहिणं तिथेच राहिलं.

तू लिहिलंस की तुमच्या बाबांची बॅन्टम मोटारसायकल आता तुझ्याकडे यावी. तिचे जुने मडगार्ड तू मिळवलेस, हिरवा रंगही अगदी तोच मिळाला, आणि क्लेमने जे जे कापलं ते तू परत जोडणार, बाबा तिच्यावरून टपाल वाटत फिरायचे तशीच ती उभी करणार. तुझा हक्क मी नाकारत नाही. ती तुम्हा दोघा भावांची होती. करवत लावण्याआधी क्लेमने तुला विचारायला हवं होतं, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं. तू अंगणात उभा राहून म्हणालास, "तू गाडी नाही कापलीस, बाबांना कापलंस," आणि तो म्हणाला, "बाबा असते तर त्यांनी दुसरं टोक धरलं असतं." त्यानंतर नऊ वर्षं तुमच्यात एक शब्द नाही. दफनाला तुझी फुलं आली, तू आला नाहीस. फुलं चांगली होती.

त्यावर मला भांडायचं नाही. पण तू कापणार आहेस ती गाडी तुला माहीत आहे ती नव्हे, म्हणून सांगते.

तू पाहिलीस तेव्हा त्याने फक्त फ्रेमची शेपटी कापली होती आणि सायलेन्सर वर उचलला होता. पुढे मागचं दातेरी चाक मोठं केलं आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या चाकावर, पितळेचं जड कडं चढवलं, म्हणजे खडकावर अगदी हळू जातानाही इंजिन दम सोडत नाही. बरीच वर्षं तो तिच्यावर फिरला. मग छाती गेली. डॉक्टरांनी शेडमध्ये जायची बंदी केली, तेव्हा तो शेगडी घेऊन शेडमध्ये गेला. मागच्या हिवाळ्यात त्याने सगळी गाडी पुन्हा उकलली. पायाच्या खुंट्या हलवल्या, हँडल बुटकं केलं आणि जवळ ओढलं, क्लचचा दांडा लहान मुठीचा केला. मी म्हटलं, एवढी दगदग कशाला? म्हणाला, "बसून खोकण्यापेक्षा उभं राहून खोकतो."

फेब्रुवारीत तो गेला. वसंतात सायरल गाडी बघायला आला आणि तिच्यावर उभा राहिला, तर गुडघे हँडलला लागले. म्हणाला, "बये, शेवटी क्लेमची मोजपट्टी आटली होती काय? सहा फुटी माणूस आणि हे हँडल कुणा जॉकीचं?" मग त्याने ब्रेक पाहिला. पेडल पुढे पायाच्या बोटांखाली असायचं, ते मागे, टाचेखाली, एक रुंद पट्टी जोडून. सायरल हसायचा थांबला आणि टोपी नीट करत म्हणाला, आजारी माणसाचा हात, सोडून दे.

त्या पट्टीबद्दल मी क्लेमला एकदा विचारलं होतं. त्याचं उत्तर एवढंच, "लोखंड उरलं होतं."

सायरल गेल्यावर मी इंजिनाखाली लाकडी खोका सरकवला आणि गाडीवर उभी राहिले. रेग, तीस वर्षं मी काठावर उभी राहून गुण लिहिलेत, पण कधी त्या खुंट्यांवर पाय ठेवला नव्हता. हँडल माझ्या हातात आपणहून आलं. क्लचपर्यंत माझी बोटं पोहोचली. पाठ जितकी वाकायला हवी तितकीच वाकली. सगळं माझ्या मापाचं होतं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

गुरुवार

हे पत्र आज संपवायचंच. टपालाची गाडी दुपारी येते.

सगळा उन्हाळा मी समजत होते की ती त्याने माझ्यासाठी केली. कुणी बघत नसताना मागच्या कुरणात ती चालवलीही. इंजिन फुटफुटत राहायचं, निळा धूर निघायचा, मेंढ्या कंटाळून बघायच्या. पडले तेव्हा शेणात पडले. पण ओढ्याकाठचा दगड एकदा पाय न टेकता चढले, आणि घरी येऊन एकटीच मोठ्याने बोलले, त्याच्याशी. तो गेल्यापासून पहिल्यांदा मी जेवण पूर्ण संपवलं. बाकी सगळं मापात होतं, फक्त त्या ब्रेकशी माझं जमत नव्हतं. मी बोटं दाबायची आणि खाली काहीच नसायचं. मीही म्हटलं, बिचाऱ्याचा हात चुकला. सायरलला सांगून ठेवलं की शनिवारी करवत घेऊन ये, ती पट्टी काढू आणि साधं पेडल बसवू.

शुक्रवारी तुझं पत्र आलं. गाडी, मडगार्ड, रंग सगळं लिहून झाल्यावर तू शेवटी लिहिलंस: व्हॅन घेऊन मीच येईन, घोटा वाकत नाही पण तिचा क्लच मी टाचेने दाबतो.

ती ओळ मी उभ्या उभ्या वाचली आणि तशीच शेडमध्ये गेले.

माझ्या लग्नात फोटोवाल्याने तुला माझ्या शेजारी उभं केलं होतं, आठवतं? क्लेमचं डोकं चौकटीत मावेना, तेव्हा म्हणाला, आधी हे दोघं सारख्या उंचीचे घेऊ. तुझा कोट मला होतो, तेव्हा तुझी गाडीही मला होणारच.

शनिवारी सायरल करवत घेऊन आला. मी त्याला चहा आणि आल्याचा केक दिला आणि परत पाठवलं. म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, पट्टी राहू दे, हात चुकला नव्हता. त्याने थोडा वेळ शेडकडे पाहिलं. त्यालाही तुझी लंगडी चाल आठवली असावी. केकचा दुसरा तुकडा त्याने मागितला नाही, म्हणजे नक्कीच आठवली.

जानेवारीत क्लेमने मला विचारलं होतं, ट्रेलरचे दिवे लागतात का. मी म्हटलं, कुठे जायचंय? म्हणाला, "रस्त्यावरचा बर्फ वितळू दे, मग बघू." तुझ्या हेक्समचा रस्ता आमच्याकडून डोंगरावरूनच जातो, आणि या वर्षी तिथला बर्फ फार दिवस राहिला.

पत्र आल्यापासून माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. एक सांगते. तुला काहीच कळवू नये असंही आलं. तू येशील, गाडी नेशील, तुझ्या शेडमध्ये ती पट्टी कापशील, मडगार्ड चढवशील आणि समाधानाने झोपशील. नाहीतर उत्तर पाठवायचं की देत नाही, आणि ती माझीच आहे असं मानत राहायचं. दोन्ही सोपं होतं. पण तीस वर्षं जे पाहिलं तेच लिहायची सवय आहे, आणि मी जे पाहिलं ते हे आहे.

तू व्हॅन घेऊन ये. करवत आणायची तर आण, मी अडवणार नाही. पण आधी खोक्यावरच्या गाडीवर उभा राहा. मी मागचं चाक हाताने फिरवीन. तू डावी टाच खाली दाब. चाक थांबलं की मग काय करायचं ते तू ठरव.

गाडी तुझी. कोट मात्र मी ठेवून घेते.

तुझी वहिनी, तू अजून मानत असलास तर,
डोरीन