आषाढातले हरभरे

प्रिय वहिनी,

वरती साष्टांग नमस्कार लिहीत नाही. तुम्ही कधी वाकूच दिलं नाहीत. "राहू द्या भावजी, पाठ धरली तर शेकायला मलाच बसावं लागेल," म्हणायचात. तेव्हा नमस्कार मनातल्या मनात.

उद्या संध्याकाळी मीनल येतेय बंगळूरहून. चप्पल काढायच्या आधी तुमची लेक विचारणार, "काका, बाबांचं काय ठरवलं तुम्ही?" तिला उत्तर द्यायच्या आधी ते तुमच्या कानावर घालायला हवं. कारण शब्द मी तिला नव्हता दिला, तुम्हाला दिला होता.

आठवतं ना? माघातले ते दिवस. तुमचं अंथरुणातून उठणं बंद झालं होतं, तरी मला खुणेनं जवळ बोलावलंत. "भावजी, यांना उपाशी ठेवू नका हं. दुसरं काही मागणं नाही." आणि मी नेहमीसारखा तोंडाचा मोठा, "वहिनी, तुम्ही निर्धास्त असा!"

दादा उपाशी आहे, वहिनी. आज नववा दिवस. पाण्याचे चार-सहा चमचे, कधी ताकाचे दोन. तेवढ्यावर माणूस किती तगणार?

कसं झालं ते सांगतो. मधे मधे रागावू नका.

तुम्ही गेलात तेव्हा दादाला सगळं कळलं होतं. स्मशानात माझा हात धरून उभा होता. आणि तेरावं झाल्यावर चौथ्या दिवशी, चहाचा कप हातात घेऊन मला विचारतो, "बाबू, ही कुठं गेली रे?" दोन वर्षांत त्याच्या आठवणीची चाळण झाली होती, हे तुम्हीही पाहिलंत. पण तिच्यातून एवढं मोठं गळून जाईल असं वाटलं नव्हतं! मी खरं ते सांगितलं. तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा कोसळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच रडणं. रोज सकाळी मी माझ्या थोरल्या भावाला नव्यानं विधुर करत होतो.

मग स्वतःला म्हटलं, बाबू, जिच्या हाताखाली पन्नास वर्षं काढलीस, तिनं काय केलं असतं? तिनं काहीतरी काढलं असतंच.

काय काय काढायचात तुम्ही! मी सातवी नापास होऊन गावाहून दिल्लीला आलो, तेव्हा दादाचं सरकारी क्वार्टर दीड खोलीचं, तिसऱ्या मजल्यावर. पाणी वर कधी चढेल याचा नेम नाही. तुम्ही नळ उघडा सोडून खाली परात पालथी घातलीत. पाणी आलं की परात ताशासारखी वाजायची आणि अख्खा जिना बादल्या घेऊन पळत सुटायचा. शेजारची पंजाबीण ओरडायची, "उठो जी, मराठी बैंड बज गया!"

आणि पाहुणे? कुणाची मुलाखत, कुणाची मंत्रालयात फाईल अडलेली, कुणाला नुसता लाल किल्ला बघायचा. आपल्या राज्याच्या अतिथिगृहात खोली मिळाली नाही की गावचा माणूस पिशवी खांद्याला लावून थेट आपल्या दारात. तुम्ही कपाळाला आठी न घालता, "या या! एसी फुल्ल आहे, स्लीपरला बघते." मग चादरी पसरून उशांवर चिठ्ठ्या. अप्पर, मिडल, साइड लोअर. साइड लोअर म्हणजे बाल्कनी. मी कायमचा वेटिंग लिस्ट. एकदा घरात अकरा माणसं आणि गॅस संपला, तर उलट्या इस्त्रीवर पापड भाजून वाढलेत. दहीपोह्यांबरोबर ते पापड खाऊन पाहुणे म्हणाले, अशी मेजवानी गावात होत नाही!

गावाहून येणारं लोणचं, कुरडया मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असायच्या. ते कागद तुम्ही तळव्यानं सारखे करायचात आणि माझ्यासमोर टाकायचात. "वाचा. अडलं तर विचारा." तेलाच्या डागातून वाचत वाचत मी शिकलो. त्या जोरावर सरकारी कचेरीत दफ्तरी लागलो, फायली बांधता बांधता त्याही वाचून काढल्या. हे पत्रसुद्धा तुमचंच म्हणायचं.

तर, चैत्र लागला आणि मला सुचलं. दादानं विचारलं, "ही कुठं?" मी म्हटलं, "हळदीकुंकवाला."

गडी एकदम निवांत! "मग काय, दिवेलागण होणार," म्हणाला आणि आमटीभात जेवला. चटणीसुद्धा मागितली!

खरंच होतं ते. दिल्लीतलं हळदीकुंकू म्हणजे मोहीमच. एक मराठी घर पहाडगंजात, एक द्वारकेला, एक पार नोएडात. तुम्ही बसच्या नंबरांप्रमाणे घरं लावायचात, सकाळी निघायचात आणि दिवे लागताना परत. येताना रुमालात ओटीचे भिजवलेले हरभरे. दादा जिन्यात डोकावत बसायचा. वाट तुमची बघायचा की हरभऱ्यांची, यावरून मी त्याला किती पिडलंय!

म्हणून मीही हरभरे भिजवले. मऊ शिजवून ठेचले, चार अख्खे तुमच्या रुमालात बांधले आणि दादाच्या हातात दिले. "वहिनींनी पुढं पाठवलेत. म्हणाल्या, आधी जेवून घ्या." तो रुमाल उघडून बघायचा, हसायचा आणि तोंड उघडायचा. खोटं बोललो, वहिनी. पण ताट रिकामं व्हायचं! मीनलला फोनवर फुशारकी मारली, "तुझ्या आईचा शिष्य आहे मी."

अक्षय्य तृतीया झाली, चैत्रागौर गेली. मी हरभरे भिजवत राहिलो. वैशाख, जेठ. म्हटलं, ज्याला दुपारी सकाळ आठवत नाही त्याला महिना कुठला आठवणार? तुम्ही एक युक्ती दुसऱ्यांदा कधी वापरली नाहीत, पाहुणा बदलला की विनोद बदलायचात. मी पडलो दफ्तरी माणूस. एक दोरी बसली की सगळ्या फायलींना तीच बांधणार.

आषाढ लागला. त्या दुपारी वीज गेली होती, मी एका हातानं वारा घालत होतो. रुमाल दिला. दादानं उघडला. चारही दाणे तळहातावर घेऊन बसून राहिला. मग समोरच्या कॅलेंडरकडे बघितलं. उभं आयुष्य अंडर सेक्रेटरीच्या टिपणातल्या चुका काढलेला माणूस तो!

"बाबू, महिना कोणता?"

"आषाढ."

"आषाढात हळदीकुंकू कोण करतं?"

मी म्हटलं, "अरे, दिल्लीतल्या बायका. त्यांना काय, केव्हाही करतात."

"हरभरे चैत्रात देतात." अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाला. मग आवाज उतरला. "गेली ना ती?"

मला नाही म्हणता आलं नाही.

"दहावं, तेरावं? सगळं रीतसर?"

"हो दादा."

"मी होतो?"

"होतास. माझ्या शेजारीच बसला होतास."

मग म्हणाला, "आणि तू मला इतके महिने जेवायला घालत होतास?"

हरभरे त्यानं रुमालात परत ठेवले, गाठ मारली, रुमाल माझ्या मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. तेव्हापासून तोंड मिटलंय ते मिटलंयच. आणि गंमत बघा वहिनी, कसली गंमत, चेष्टाच ती. मीनलचं नाव विसरतो, न्हाणीघर विसरतो, मला कधी कधी 'आप कौन?' विचारतो. पण तुम्ही नाहीत, एवढं आता विसरत नाही.

मी हातपाय गाळून बसलो असं समजू नका. तुमच्या पोतडीतलं सगळं काढून झालं. मऊभातावर तूप, नाचणीची पेज, साखरआंबा बोटाला लावून. उशीवर 'अप्पर बर्थ' अशी चिठ्ठी ठेवली. पालथ्या परातीवर पाणी सोडलं, वाटलं आवाजानं तरी हसेल. त्यानं डोळे उघडून एवढंच विचारलं, "कशाला त्रास घेतोस?"

तुमच्यावर राग येतो मला. येऊ नये, पण येतो. तुम्ही आम्हाला सवय लावलीत की काहीतरी निघतंच! पाणी नाही, काहीतरी निघेल. जागा नाही, निघेल. नाही निघत, वहिनी. सगळ्याला नाही निघत. हे कधी सांगितलं नाहीत.

की सांगितलं होतंत? एक दुपार डोक्यातून जात नाही. ते अकरा पाहुणे असतानाचीच. मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढायला आलो, तर तुम्ही कोपऱ्यात गव्हाच्या डब्यावर बसला होतात. डोकं गुडघ्यात. रडत नव्हतात, काही नाही. नुसत्या बसला होतात, कुणीतरी टाकून गेलेल्या बोचक्यासारख्या. मी तसाच मागं फिरलो. पाचच मिनिटांत स्वयंपाकघरातून तुमचा आवाज आला, "कोणाकोणाला चहा? हात वर!" सगळे हसले. मीही हात वर केला! तेव्हा विचारायला हवं होतं, वहिनी, काय झालं. नाही विचारलं. हसणाऱ्या माणसाला कोण विचारतं? बायका तुमच्या वेळी म्हणाल्या, "सवाष्ण गेली, भाग्याची." मला पटलं नाही. तुम्ही फार दमून गेलात.

परवा डॉक्टर घरी येऊन गेला. नातवाच्या वयाचा, पण सरळ बोलणारा. म्हणाला, "अंकल, नाक से नली डालनी पड़ेगी. ये खींचेंगे, तो हाथ बाँधने पड़ेंगे."

मी विचारलं, "फिर अपने आप खाने लगेंगे?"

"नहीं अंकल. बस, कुछ दिन और मिल जाएँगे."

"और नहीं डाली तो?"

त्यानं खांद्यावर हात ठेवला. "घर पे रखिए. आराम से."

तेच ठरवायचंय मला. मीनल फोनवर रडते, म्हणते, "काका, तुम्ही म्हणाल तसं. आईनं तुम्हाला सांगितलं होतं ना." हेच तर! नळी घातली तर तुम्हाला दिलेला शब्द राहील, पोटात अन्न जाईल. पण दादाचे हात खाटेला बांधायचे? ज्या हातांनी माझा हात धरून मला दिल्लीच्या स्टेशनावर उतरवून घेतलं, ते?

काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आज सकाळी मी चहा-पोळी घेऊन दादाजवळ बसलो. चमचा पुढं केला, त्यानं मान फिरवली. मी बशी खाली ठेवली. तेवढ्यात विचारतो, "तू काही खाल्लंस?"

नऊ दिवसांत मी त्याच्यासमोर एक घास खाल्ला नव्हता. तो उपाशी असताना मी मचामचा खायचं, हे बरं दिसत नाही ना! आत ओट्यापाशी उभ्यानं काहीबाही गिळायचो. त्यानं बशी बोटानं माझ्याकडे ढकलली. "खा. वाळलायस."

मी खाल्ली, वहिनी. सगळी पोळी खाल्ली, रडत रडत. तो शेवटच्या घासापर्यंत बघत होता. मग समाधानानं डोळे मिटले. त्याच्या पोटात काही गेलं नाही. पण त्याच्या मनातलं काहीतरी झालं, एवढं मला कळलं.

म्हणून सांगतो. नळी नाही. मीनलला उद्या हेच सांगणार आहे. तुम्हाला दिलेला शब्द मी मोडतोय, जाणूनबुजून मोडतोय. 'यांना उपाशी ठेवू नका' म्हणाला होतात, आणि मी ठेवतोय. तुम्ही असतात तर काहीतरी काढलं असतंत का? रात्रभर तेच विचारत होतो. मला वाटतं, या खेपेला तुम्हीही त्या डब्यावर नुसत्या बसला असतात. मी मागं फिरणार नाही, शेजारी बसेन.

रागवा. पण एक नवा शब्द घ्या माझ्याकडून, जुन्यापेक्षा लहान, मला पेलणारा. दोन्ही वेळेला दोन पानं वाढीन. त्याच्याजवळ बसून माझं पान जेवीन, तो बघेल तितका वेळ. त्यानं तोंड उघडलं तर घास देईन, नाही तर ओठ ओले करीन. त्यानं तुमच्याबद्दल विचारलं तर खरं तेच सांगेन, आणि सांगून झाल्यावर उठून जाणार नाही.

बारा वाजले. पानं वाढायला घेतो.

तुमचा धाकटा दीर,
बाबू