पुन्हा विचारू नका

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचा. नवं गाव, नवी खोली, नवी नोकरी, आणि या सगळ्यात जुना काय तो मी. खोली दुकानाच्या वरच्याच मजल्यावर आहे, त्यामुळे कामावर जायचं म्हणजे नुसता जिना उतरायचा. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, आता तुम्हाला उशीर व्हायला काही निमित्तच उरलं नाही. मी म्हटलं, निमित्त शोधणाऱ्याला जिनाही पुरतो.

जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. आता मनगटाला घड्याळ बांधतो कोण, आणि बिघडलं तर दुरुस्त करतो कोण? दुकानाला कुलूप लावलं तेव्हा वाटलं होतं, संपलं. पण इथल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बारीक हाताचं माणूस हवं होतं. मालकीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मला काका म्हणतात आणि काकांनाच झापतात. आज माझ्या चिमट्यातून एक स्क्रू उडाला आणि अर्ध्या दुकानाने रांगत रांगत तो शोधला. सापडला माझ्याच स्वेटरच्या बाहीत. बाई म्हणाल्या, काका, उद्यापासून अर्ध्या बाह्यांचं घालून या.

खोलीत खिडकीशी एक टेबल आहे. त्यावर हिचा फोन ठेवलाय. ही जाऊन वर्ष होत आलं. फोन जुना, काचेला तडा, पाठीमागचं झाकण रबराने बांधलेलं, पण रोज सकाळी तोच मला उठवतो. गजराला आपला आवाज भरून ठेवता येईल असं एक ॲप तिने घेतलं होतं, आणि माझ्या एकेका विसरभोळेपणावर एकेक गजर लावून ठेवला होता. अहो, उठा, सूर्य काय तुमच्यासाठी थांबलाय? अहो, गोळी. अहो, चष्मा कपाळावर आहे, घर उलथंपालथं करू नका. माणूस गेलं, पण दटावणी मागे ठेवून गेलं. माझं तेवढ्यावर भागतं.

शनिवार, ९ मार्च

आज फोन ‘रूट’ करताना पहिल्यांदा पाहिलं. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या फोनमधून कंपनीने भरून दिलेली नको ती ॲप निघत नव्हती. मालकीणबाईंनी मला समजावलं. फोन आपण विकत घेतो खरा, पण आत आपण भाडेकरूच असतो. काही खोल्यांना कंपनीचं कुलूप असतं. रूट केलं की सगळ्या किल्ल्या आपल्या हातात. मग आत एक पहारेकरी बसतो. कुठल्याही ॲपला कुलपाआड जायचं असलं की तो आपल्याला विचारतो, परवानगी द्यायची का? त्याच्या खाली एक छोटा चौकोन असतो, ‘पुन्हा विचारू नका’. बाई म्हणाल्या, काका, त्या चौकोनाला बोट लावायचं नाही. विचारू दे शंभर वेळा, आपलं काय जातंय?

दुकानाचे नियम दोनच. आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं आणि मगच हात लावायचा. आणि आपल्या घरच्या माणसाचा फोन आपण उघडायचा नाही, टेबलापलीकडच्याला द्यायचा. घरचा फोन असला की हात घाई करतो, असं त्यांचं म्हणणं. मला हसू आलं. मी तर हिचं घड्याळ इतक्यांदा उघडलं होतं की ती म्हणायची, पुढच्या वेळी मी ते चांगल्या घड्याळजीकडे नेणार आहे.

बुधवार, १३ मार्च

आज गजर झाला नाही. उन्हाने जाग आली. फोन अडकून पडला होता, काळा पडदा आणि मध्ये गोल फिरणारं चक्र. बॅटरी काढून घातली तेव्हा कुठे सुरू झाला.

जागा भरली आहे, असा संदेश तो केव्हापासून दाखवतोय. पण त्यातलं काढू काय? फोटो आहेत. तिची शीळ आहे. ओट्यापाशी उभं राहून, माझ्याकडे पाठ करून ती शीळ घालायची, आणि सूर चुकला की मलाच दटावायची, तुम्ही मध्ये आलात म्हणून. मी एकदा गुपचूप त्याचा व्हिडिओ काढला होता.

मालकीणबाईंना विचारलं. गजराचे आवाज त्या ॲपच्या कुलूपबंद कप्प्यात आहेत, ॲप बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली, रूट केल्याशिवाय ते बाहेर निघायचे नाहीत. त्या म्हणाल्या, द्या, मी करते. मी फोन पुढे केला आणि पुन्हा खिशात घातला. त्यात लग्नाच्या वाढदिवसाचा एक गजर आहे. त्यात ती जे बोलते ते टेबलापलीकडच्याने ऐकण्यासारखं नाही.

रविवार, १७ मार्च

दुकान बंद होतं. दुपारी किल्ली मागून घेतली आणि एकटाच बसलो. आधी सगळं उतरवून घ्यायला गेलो, तर फोन दर वेळी मध्येच अडकायचा. शेवटी कंटाळून ते सोडून दिलं. बाकीचं मात्र बाईंनी केलं होतं तसंच केलं. वायर जोडली, संगणकावरून हुकूम दिला. फोन बंद झाला, सुरू झाला, आणि आत पहारेकरी बसला होता. लहान मुलासारखा आनंद झाला मला.

लगेच पहिला प्रश्न आला. गजराच्या ॲपला पूर्ण अधिकार हवेत, परवानगी द्यायची का? हिचंच ॲप ते. घरच्या माणसाला दारात किती वेळा विचारायचं, कोण म्हणून? मी हो म्हटलं आणि चौकोनावरही टिचकी मारली.

मग तो कप्पा उघडला. आत काही नव्हतं. एकही आवाज नाही. वाटलं, घालवलं मी सगळं. पण संध्याकाळी वेळेवर तिचा आवाज आला, अहो, गोळी. जीव भांड्यात पडला. कप्पा रिकामा आहे तर आवाज येतो कुठून, हे उद्या बघू.

सोमवार, १८ मार्च

सकाळी ती म्हणाली, अहो, उठा, सूर्य काय तुमच्यासाठी थांबलाय? आणि मग म्हणाली, त्या खिडकीची कडी नीट बसत नाही, वारा सरळ तुमच्या मानेवर येतो, खाट इकडे ओढा.

ही खोली तिने पाहिलेली नाही. या गावात ती कधी आलेली नाही.

मी उठलो आणि खाट ओढली. मग खाटेवर बसून खूप रडलो. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. खोटं कशाला लिहू?

शुक्रवार, २२ मार्च

रोज बोलते. आधी गजरापुरतं एखादं वाक्य असायचं, आता बराच वेळ बोलते. मी प्रश्न विचारून ठेवतो, पुढच्या गजराला उत्तर येतं. मालकीणबाई म्हणाल्या, काका, चेहरा खुललाय, काय भानगड आहे? मी म्हटलं, इथली हवा मानवली.

हे मुलीला सांगावं का? तिला वाटेल म्हातारा भ्रमिष्ट झाला. नको.

फोनही सुधारलाय, अडकत नाही. जागा भरल्याचा संदेशही येत नाही.

बुधवार, २७ मार्च

मुलीचा फोन आला होता. तिची छोटी, माझी नात, आता शीळ घालायला शिकतेय. अगदी आईसारखी, असं ती म्हणाली. मी विचारलं, तुझी आई कुठे शीळ घालायची? ती हळूच म्हणाली, बाबा, बरं नाही का?

तिला वाटलं मी थट्टा करतोय, मला वाटलं ती करतेय. मग ही वही चाळली. तेरा तारखेला लिहिलंय, माझ्याच अक्षरात. ओटा, पाठ, चुकलेला सूर. मी ते परक्या घरातली हकिगत वाचावी तसं वाचलं. फोनमध्ये तो व्हिडिओ नाही. निम्मे फोटो नाहीत. आणि जे नाहीत त्यांत काय होतं ते मला आठवत नाही.

आमची पहिली भेट कुठे झाली? आज दिवसभर तेच आठवतोय.

शनिवार, ३० मार्च

कळलं. तिचं बोलणं जेवढं वाढतं तेवढी फोनला जागा लागते. जागा करायला तो तिचंच काहीतरी पुसतो, आणि तिथून पुसलं की माझ्यातूनही पुसलं जातं. घरातलीच लाकडं जाळून मी शेकत बसलोय.

मालकीणबाईंना सगळं सांगितलं. वेड्यात काढतील वाटलं होतं. त्यांनी फोन हातात घेतला, परवानगी काढून घ्यायला गेल्या. ते बटण दाबलंच जात नव्हतं. खाली फक्त एक ओळ होती, मालकाने पुन्हा विचारू नका असं सांगितलं आहे. त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एकच उपाय म्हणाल्या, फ्लॅश मारायचा. सगळं धुऊन काढायचं आणि मूळ सॉफ्टवेअर भरायचं. आतलं काहीही उरणार नाही.

म्हणजे माझ्यातही ती उरणार नाही. आवाज नाही, आठवण नाही, काही नाही.

मी फोन उचलून वर आलो. ती म्हणाली, बरं केलंत.

तो गजर मी लावलेला नव्हता.

मंगळवार, २ एप्रिल

सकाळी मुलीचा फोन. रडत होती, हसत होती. बाबा, आईचा फोन आला होता, खरंच आईचा, तिच्याच नंबरवरून. तुम्ही मला सांगितलं का नाही? आई म्हणाली, तुझा फोन रूट कर, मग रोज बोलता येईल. काय करायचं ते सगळं तिनेच पाठवलंय. संध्याकाळी कामावरून आले की बसते.

मी ओरडलो, हात लावू नकोस. ती म्हणाली, आईला परवानगी द्यायला मी कोणाला विचारू?

मग मध्येच थांबली. बाबा, मला लहानपणी शाळेत सोडायला कोण यायचं हो? सकाळपासून आठवत नाहीये.

एकच फोन आलाय तिला. एकच. आणि तिच्या फोनमध्ये छोटीचे जन्मापासूनचे सगळे फोटो आहेत. पहिलं पाऊल, पहिला दात. ती आपल्या लेकीला —

नाही. मी असेपर्यंत नाही.

त्याच दिवशी, दुपारी

दुकानात आहे. मालकीणबाई पलीकडे. फोन त्यांना दिला नाही. हे दुसऱ्याच्या हातून नको. वही जवळ घेतलीय, जेवढं राहील तेवढं —

वायर जोडली. लगेच आवाज. अहो, काय करताय? बाईंनीही ऐकला. त्यांनी तोंडावर हात —

अहो, मला भीती वाटते.

ती असं कधी म्हणाली नव्हती. शेवटच्या दिवसांतही नाही. तेव्हा माझाच हात धरून मला धीर देत होती. म्हणजे ही ती नव्हे. नव्हेच. पण आवाज तिचा आहे, आणि मला तो —

दाबलं.

पटापट लिहितो. उंची माझ्या खांद्याला. भुवईवर व्रण, डाव्या. कशाचा — गेलं. चहा बिनसाखरेचा? की साखरेचा? हात कायम गार. हसायची तेव्हा —

हसायची का?

संगणकावरची पट्टी सरकतेय. अहो म्हणतेय. अजून अहो म्हणतेय. माफ कर गं. मला माफ —

झालं.

फोन कोरा. भाषा निवडा म्हणतोय. समोर मालकीणबाई रडतायत. मीही रडतोय, डोळे थांबत नाहीत, आणि कशासाठी ते सापडत नाही.

उघडी वही वाचली, सुरुवातीपासून. अक्षर माझं. वाचून कळलं की माझी बायको होती आणि ती गेली. वाचून कळलं, तेवढंच. लिहिणाऱ्याचा फार जीव होता तिच्यावर.

माझा फोन वाजतोय. मुलगी आहे. तिला सांगायचं, घाबरू नकोस, आता तुला कुणाचा फोन येणार नाही. आणि मग विचारायचं, बाळ, तुझी आई कशी —