माझ्या खुर्चीवर अक्का

शहापूर,
९ नोव्हेंबर २०२४

ति. अक्कास,

जीवनचा सप्रेम जयभीम. वि. वि. तुझी खुशाली तुझ्या सुनिलने शीतलला फोनवर सांगितली, ती तिने मला पाटीवर लिहून दाखवली. घरात पहिलीतलं पोर नसताना आमच्याकडे पाटी-पेन्सिल आली आहे.

ठाण्याच्या डॉक्टरांचं शेवटचं म्हणणं असं, की पावसाळ्यातल्या तापाने कानाची नस गेली ती गेली. यंत्र लावून पाहिलं. त्यातून माणसाचं बोलणं येत नाही, पत्र्यावर कुणी खडे टाकावेत तसा नुसता आवाज येतो. काढून ठेवलं. वाजवायची पेटीही कपाटावर चढवली. मोबाईलवर लिहून पाठवता येतं, पण तुला ते जमत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तुझं ते तिरपं अक्षर हवं आहे. म्हणून हे पत्र.

काम असं आहे. आमच्या रसिक मंडळाचा हंगाम सुरू होतोय. आता होळीपर्यंत अधूनमधून सहली निघतील. कधी गाणं, कधी जुनी देवळं, लेणी. गाडी शहापुराहून किन्हवलीवरून मुरबाडला येते, तिथली माणसं घेते आणि पुढे जाते. माझी जागा यंदाही धरून ठेवली आहे. मंडळाच्या चिटणीस दीप्तीबाई परवा घरी आल्या होत्या. मुरबाडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या त्या. त्या बोलत राहिल्या, मी मान हलवत राहिलो, आणि शेवटी शीतलने पाटीवर लिहिलं की मी येतो म्हणून कबूल करून बसलोय.

मी जाणार नाही. बहिऱ्याने मैफलीत बसून काय करायचं? पण जागा रिकामी ठेवणंही जिवावर येतं. तर तू जा. भाऊजी गेल्यापासून तू वैशाखऱ्याच्या बाहेर पडतेस ती बाजाराला, नाहीतर दवाखान्यात. माझ्या खुर्चीवर बस, ऐक, आणि मला लिही. झोप लागली तर तेही लिही.

तुझ्या भावजयीचा, शीतलचा जयभीम. माया आहे तशी असू दे.

तुझा,
जीवन


वैशाखरे,
२ डिसेंबर २०२४

चि. जीवनास,

बाईजाअक्काचे आशीर्वाद आणि जयभीम. शीतललाही सांग. भात झोडून घरात आला. वाल पेरलेत. सुनिलची कंपनीतली रात्रपाळी संपली, आता दिवसा दिसतो. बाकी सगळं बरं.

गेले रे तुझ्या मंडळात. मला वाटलं होतं, शहापूरच्या शिकलेल्या बायांमध्ये मी कुठं बसू. पण दीप्तीबाईंनी मुरबाडला हात धरून गाडीत घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, या जीवनरावांच्या बहीण. मग काय, तुझं नाव निघालं की माणसं पेढे मिळाल्यासारखी हसतात. तू कानाचं कारण सांगून त्यांना टाळतोस, हे मला आवडलं नाय.

कल्याणला दुपारचं गाणं होतं. मी सांगते त्यात चुकलं तर हसू नकोस. गाणारी बाई माझ्याच वयाची, साधं लुगडं नेसल्यासारखी साडी. मागं दोन पोरी उभी वाद्यं धरून बसलेल्या. त्या त्याच तारा छेडतात, पुन्हा त्याच. मला वाटलं, यांना अजून पुढचं शिकवलं नाय वाटतं. मग थोड्या वेळानं त्या तारा ऐकू येईनाशा झाल्या, आणि कळलं की त्या थांबल्या नायत, मीच त्यांच्या आत जाऊन बसलेय.

बाई एकाच सुराभोवती फिरत होती. त्याच्यापर्यंत जायची, शिवायची नाय, मागं यायची. माळशेजच्या कड्यावर घार फिरते ना, पंख न हलवता, तशी. माझा जीव टांगलेला. आता शिवेल, मग शिवेल. आणि शेवटी ती तिथं जाऊन टेकली, तेव्हा साऱ्या हॉलातून एकदम श्वास सुटला. माणसं एकमेकांना अनोळखी, पण श्वास एक.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुःख कसलंच नव्हतं. एवढं मोठं काहीतरी या जगात होतं आणि मला ते माहीत नव्हतं, त्याचंच. तू जायचास तेव्हा मी म्हणायचे, जीवन पुन्हा उनाडायला गेला. आता म्हणणार नाय.

झोप लागली नाय. शेजारच्या काकांना लागली होती.

जिवाला जप. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
बाईजाअक्का


शहापूर,
२१ डिसेंबर २०२४

ति. अक्कास,

सप्रेम जयभीम. उत्तराला उशीर झाला.

तुझं पत्र वाचलं आणि घडी घालून ठेवलं. पुन्हा उघडलं. ती बाई ज्या सुरावर टेकली तो षड्ज असणार. तो मनात लावून पाहावा म्हणून डोळे मिटून बसलो. लागेना. तुझा आवाज मला आठवतो, शीतलचा आठवतो, आपल्या घरच्या दाराची कडीसुद्धा आठवते. तानपुरा आठवेना. तो तर मी जन्मभर ऐकला. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि शीतलला कारणही सांगितलं नाही.

तुझी चूक काहीच नाही. तू फार चांगलं लिहिलंस, तोच त्रास झाला. तू जात जा, मन भरून ऐक. पण मला यापुढे गाण्याचं लिहू नकोस.

रागावू नकोस. माया ठेव.

तुझा,
जीवन


वैशाखरे,
१४ जानेवारी २०२५

चि. जीवनास,

अक्काचे आशीर्वाद, जयभीम. तुझं पत्र आलं तेव्हा ठरवलं होतं, आता मंडळात पाऊल टाकायचं नाय. सुनिल म्हणाला, मामाला राग आलाय. मी म्हटलं, राग नाय रे, दुखलंय. मग दीप्तीबाईंचा फोन आला. म्हणाल्या, या वेळी अंबरनाथचं शिवमंदिर बघायचंय, गाणं नाय, नुसता दगड. तेव्हा गेले. दगडाचं लिहिलं तर चालेल ना?

देऊळ काळं आहे. लांबून बघितलं तर जळलेल्या रानासारखं. जवळ गेलं की त्या काळ्यातून माणसं, हत्ती, बाया बाहेर यायला लागतात. भिंतीचा एवढासा कोपरा मोकळा सोडलेला नाय. एका बाईची वेणी अशी कोरलीय की माझा हात विंचरायला पुढं झाला. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जायचं, आणि खाली उभं राहून वर बघावं तर आभाळ. मी पाया पडले नाय, तुला माहीतच आहे. पण हात आपोआप जोडले गेले, ते पाथरवटांना. त्यांची नावं कुणालाच ठाऊक नायत म्हणे. कुठल्या गावची माणसं असतील, काय खाऊन एवढा दगड फोडला असेल, तेच मनात येत राहिलं.

आता खरं सांगायचंय ते. हंगामाची शेवटची सहल फेब्रुवारीत नाणेघाटातले लेख बघायला. ऐकून मी हसायलाच लागले. ती गुहा म्हणजे आमच्या डोक्यावर. लग्न होऊन आले तेव्हा गुरांमागं आमी बाया वर जायचो आणि पाऊस आला की त्याच गुहेत शिरायचो. भिंत पाठीला खरबरीत लागायची. आमी म्हणायचो, वाळवीनं खाल्लेला दगड. दीप्तीबाईंनी सांगितलं, ती अक्षरं आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि ती एका राणीनं कोरून घेतलीत.

जीवन, मी राणीच्या शब्दांना पाठ लावून मक्याची कणसं खाल्लीत. हे कळल्यापासून मला पाठीवर काहीतरी लिहिल्यासारखं वाटतंय.

मला ती बघायचीत, पण तुझ्याबरोबर. तिथं ऐकायचं काही नाय, वाचायचं आहे. परतीला साऱ्या मंडळाचं जेवण माझ्या अंगणात आहे, तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी. तू नाय आलास तर मीही गाडीत चढणार नाय, आणि तीस माणसं उपाशी गेल्याचं तुझ्या माथी बसेल.

उत्तर लवकर दे. माझ्यावर जीव असू दे.

तुझी,
बाईजाअक्का


शहापूर,
२ फेब्रुवारी २०२५

ति. अक्कास,

सप्रेम जयभीम. येतो.

मात्र तीन गोष्टी तिथल्या सगळ्यांना आधी सांगून ठेव. माझ्या कानाशी तोंड आणून कुणी ओरडायचं नाही. मला विचारलेल्याचं उत्तर शीतलने द्यायचं नाही. आणि मला पुढे बोलावून नारळ-शाल असलं काही नको.

दीप्तीबाईंनी त्या लेखाचं वाचन आणि मराठी अर्थ छापून पाठवला आहे. रोज वाचतोय. लिपी तीच, आपल्या अशोकाच्या शिलालेखांची, धम्मलिपी. मला दोन-चार अक्षरं ओळखता यायला लागली आहेत.

वालात मिरची कमी घाल. लोभ असाच राहो.

तुझा,
जीवन


शहापूर,
२६ फेब्रुवारी २०२५

ति. अक्कास,

सप्रेम जयभीम. तुझ्या अंगणात सगळ्यांच्या गराड्यात तुझ्याशी नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

गाडीतून उतरून आपण घाटाच्या तोंडाशी चालत गेलो, तिथे मी काही वेळ घाबरलो होतो. खाली सारं कोकण पसरलेलं, दोन्ही बाजूंनी कडे, आणि त्या फटीतून अंगावर येणारा वारा. माणसांची तोंडं हलत होती आणि समोरची माणसं कानामागे हात धरून पुढे वाकत होती. कुणी कुणाच्या कानाला तोंड लावत होतं. हे काय चाललंय ते मला आधी कळेना. मग लक्षात आलं, त्या वाऱ्यात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. सगळेच माझ्यासारखे झाले होते. मला हसू आलं. किती महिन्यांनी आलं.

गुहा केवढीशी, अर्धी माणसं बाहेर. दीप्तीबाईंनी अर्थ वाचायला घेतला. बाहेरची माणसं मान हलवून नाही नाही करत होती. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. तेव्हा तू माझा दंड धरून मला पुढे ढकललंस. तुझ्या ओठांवरून मला स्वच्छ कळलं. "तू वाच."

अक्का, तुला ठाऊक आहे, आपल्या भीमगीतांच्या गायन पार्टीत माईक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा. पण कान गेल्यापासून मी घरातही दबून बोलतो. किती जोरात बोलतोय ते कळत नाही, शीतलचा हात सारखा खाली खाली असा हलतो, आणि मग बोलणंच नको वाटतं. त्या दिवशी शीतलकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात पदरात होते.

मी वाचलं. मागच्या भिंतीवर राजाच्या, राणीच्या, मुलांच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, वरची नावं राहिली. ती नावं घेतली. मग राणीचं. तिने केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, हत्ती, घोडे. ती वाट आपली नाही. पण पुढे ती स्वतःबद्दल सांगते, राजा गेल्यावर महिना महिना उपास करणारी, घरातच तपस्विनीसारखी राहणारी. ते वाचताना तुझ्याकडे बघितलं. तू भिंतीला हात लावायला निघाली होतीस आणि तसाच हवेत धरून उभी होतीस.

मला माझा आवाज आला नाही. पण सगळ्यांत लांब दगडावर बसलेला एक म्हातारा होता. मी शब्द सोडायचो आणि तो त्याच्या चेहऱ्यावर पोचलेला मला दिसायचा. दर वेळी. मी वाचत गेलो, तो पोचत गेला. मला वाटलं, राणीला तरी कुठे ऐकू येतंय, तिचं कोण वाचतंय ते. तरी तिने सांगायचं सोडलं नाही.

आता एक मागणं. माझा आवाज कसा लागला होता? शीतलने पाटीवर 'छान' लिहिलं. मंडळातले टाळ्या वाजवतात. मला तुझ्याकडून हवं आहे. गाण्याचं लिहू नकोस म्हणालो होतो, तो शब्द मागे घेतो. खरं लिही.

वाट बघतोय. माया करतेस तशी करत राहा.

तुझा,
जीवन


वैशाखरे,
५ मार्च २०२५

चि. जीवनास,

अक्काचे आशीर्वाद, जयभीम. खरं लिही म्हणालास, तर ऐक.

तुझा आवाज पहिल्यासारखा नव्हता. शब्द मधेच चढत होते, मधेच घसरत होते. 'राणी' म्हणालास ते एवढ्या जोरात की कड्यावरची माकडं पळाली. पूर्वी तू गायचास तेव्हा आवाज घासूनपुसून यायचा. लोक कुठं वाहवा म्हणणार ते तुला आधीच ठाऊक असायचं. तो आवाज गेला, तुला खोटं कशाला सांगू.

पण त्याच्या खालचा आला. आपला बा तिन्हीसांजेला ओढ्यापलीकडून आपल्याला हाक मारायचा, बघ. गोड नसायची, पण ऐकली की पाय घराकडं वळायचे. बा गेल्यावर तो आवाज मी कुठंच ऐकला नव्हता. तुझ्यातही नाय. तुला स्वतःला ऐकू येत होतं तोवर तू त्याला वर येऊच दिला नव्हतास.

मी हात हवेत धरून उभी राहिले ते त्यामुळं. भिंतीचं मी विसरूनच गेले होते. राणी तिचं घरातलं राहणं सांगत होती, ते मला माझंच वाटत होतं, आणि ते सांगणारा आवाज बाचा होता. अंगावर काटा आला तो घरी येईपर्यंत गेला नाय. भाकऱ्या वाढत होते तरी माझं ध्यान वरच.

आपल्या बाला अक्षर येत नव्हतं, जीवन. कुणी त्याला शाळेच्या पायरीला उभं केलं नव्हतं. परवा त्यानं राणीचा लेख वाचला, आणि सगळी माणसं गप उभी राहून ऐकत होती.

घरात मोठ्यानं बोलत जा. शीतलला मी फोन करून सांगितलंय.

अशीच ओढ राहू दे.

तुझी,
बाईजाअक्का