भुईवर घेण्याआधी

यवतमाळ,
१२ डिसेंबर १९६१

ती. स्व. बळीरामदादास वच्छलेचा नमस्कार, वि. वि.

मी इकडे बरी आहे. थंडीने मात्र आमचा वॉर्ड भरून टाकला आहे. खाटा बारा आणि दम्या-खोकल्याचे पेशंट सतरा. म्हणजे पाच जण भिंतीला टेकून सतरंजीवर, आणि मी त्यांच्या पायांवरून उड्या मारत औषधं वाटते. विमलवहिनीने पाठवलेल्या तुरीच्या शेंगा पोचल्या. अर्ध्या मी उकडून खाल्ल्या, अर्ध्या मोठ्या सिस्टरांना दिल्या. शनिवारची रजा मिळाली ती त्या शेंगांच्या जोरावर, असं वहिनीला सांग. सकाळच्या मोटारीने निघते.

पण शनिवारला अजून चार दिवस आहेत, म्हणून हे पत्र डोमाजींच्याच हाती देते. तुझी चिठ्ठी त्यांनी दुपारी आणून दिली. आता बाहेर बाकावर बसलेत आणि घडीघडी दारातून डोकावतात. "बाई, झालं का लिवून? मले चारची मोटार धरा लागते." दोन कप चहा पाजून बसवलं आहे. त्यामुळे अक्षर वाईट आलं तर सांभाळून घे.

तुझी चिठ्ठी चार वेळा वाचली. मायला धाप फार लागते, जेवण तुटलं, ओठ काळेनिळे दिसतात, आणि रामरावकाका म्हणतात की आता दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे. म्हणून तू माजघराचा कोपरा सारवून ठेवलास, तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी हाताशी ठेवलंस. "बाबांचं केलं तसंच मायचंही वेळेवर करू, तिला खाटेवर जाऊ देणार नाही," असं लिहिलंस.

दादा, मायला दमा आहे. दम्याचा माणूस जोरात उबळ आली की आता जातो की काय असा दिसतो, आणि पुष्कळदा तासाभराने चहा मागतो. मी इथे रोज बघते. मी नर्सिंगला गेले तेव्हा "परक्यांच्या थुंक्या काढायला चालली" म्हणून तू दोन वर्षं माझ्याशी बोलला नाहीस. आता त्या थुंक्या काढणारीचं चार दिवस ऐक.

आधी तिची खाट कापसाच्या खोलीतून काढ. वेचा सुरू आहे म्हणजे छतापर्यंत कापूस भरला असेल, हे मला न सांगता कळतं. ते कण तिच्या छातीत जातात. ओसरीच्या आतल्या बाजूला आण, जिथे चुलीचा धूर येत नाही. धूप-ऊद काही जाळू नका. बघायला येणाऱ्या बायांना दारातूनच वाटेला लाव, तिला हवा हवी आहे, माणसं नकोत. पाठीमागे दोन गोधड्या गुंडाळून लाव आणि समोर मांडीवर उशी दे, म्हणजे तिला हात टेकून पुढे वाकता येईल. उठवताना हाताला धरून ओढू नका, दोघांनी काखेत हात घालून उचला. डॉक्टरांना विचारून सहा गोळ्या पाठवते, सकाळी एक, दुपारी एक. कोमट पाणी घोटघोट द्या, पण बसलेली असताना आणि शुद्धीत असताना. गोळीने उतार पडला नाही आणि ओठ निळेच राहिले तर माझी वाट बघू नका. छकड्यात टेकवून बसवा आणि बाभुळगावच्या दवाखान्यात न्या.

आणि तिला आडवी करू नका. जमिनीशी माझं वैर नाही, आमचे पाच पेशंट जमिनीवरच आहेत. पण सगळे बसलेले आहेत. उताणी निजवू नका, कुणीही सांगितलं तरी.

गेल्या महिन्यात ढाणकीकडच्या तांड्यावरचा हिरासिंग नावाचा माणूस आला. त्याची बायको सुखीबाई सोबत होती. आल्या आल्या तो इतका घाबरा झाला की मी डॉक्टरांना बोलवायला धावले. परत येते तर ही बाई खाटेवर चढून त्याच्या पाठीला पाठ लावून बसलेली. नवऱ्याचं सगळं ओझं स्वतःच्या पाठीवर घेतलेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तरी ती हलली नाही, दोन तास तशीच बसली. मी म्हटलं, बाई, आता उतरा, उशा लावते. तर म्हणाली, "उशी घसरते बाई. मी नाही घसरत. याले आडवं पाडलं का हा जाते, मले मालूम हाय." तुला हे कुणी शिकवलं, विचारलं. तिला माझा प्रश्नच कळेना. "कोन शिकवन? तो सोताच म्हनते ना, बसव म्हून. आपन आयकाचं."

मी औषधाच्या खोलीत जाऊन दार लावून रडले. हिरासिंग बरा होऊन घरी गेला, त्यात रडण्यासारखं काही नव्हतं.

डोमाजी परत येऊन गेले. आता लिहिते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

बाबांची ती सकाळ आठव. त्यांनाही दमाच होता. काका म्हणाले, "घ्या याले खाली, वेळ झाली." तू खांदे धरलेस, मी पाय धरले. आपण त्यांना सारवलेल्या भुईवर उताणं निजवलं, डोक्याखालची उशीसुद्धा काढली. तू तुळशीचं पान आणायला अंगणात गेलास. तेवढ्यात बाबांनी माझं मनगट पकडलं. डोळे उघडे होते, पूर्ण शुद्ध होती. म्हणाले, "बसव मले, पोरी." दोनदा म्हणाले. मला स्पष्ट ऐकू आलं.

काका डोक्याशी उभे होते, आत्याने रडायला सुरुवात केली होती, गाव दारात जमलं होतं. खाली घेतलेल्या माणसाला परत वर घ्यायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. त्यात मी नवरा जाऊन माहेरी परत आलेली. त्या घरात माझा शब्द तो केवढा. मी तोंड उघडलं नाही. तू आत आलास आणि विचारलंस, "काय म्हणले बाबा?" मी म्हटलं, "पाणी मागतात."

तू पाणी घातलंस. त्यांना ठसका लागला, तो थांबलाच नाही.

पाच वर्षं तू येईल त्याला सांगतोस की बाबांनी शेवटी पाणी मागितलं आणि माझ्या हातचं पिऊन गेले. तू सांगायला लागलास की मी काहीतरी निमित्त काढून चुलीकडे उठून जाते. त्यांनी पाणी मागितलं नव्हतं, दादा. मी खोटं बोलले.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी बाईंनी दमेकऱ्याला कसं ठेवायचं ते सांगितलं, तेव्हा मला नेमकं कळलं आपण काय केलं ते. त्या दिवसाचं पान वहीत कोरं आहे. लोक समजतात मी पोटासाठी नर्स झाले. तसं समजू दिलं.

बाबा वाचले असते का, ते मला सांगता येत नाही. त्या सकाळी गेले नसते, असं मला वाटतं. तू जे केलंस ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवून केलंस. दोष माझा आहे, तो तू आपल्याकडे घेऊ नकोस. तुझ्या आयुष्यातली एक चांगली गोष्ट मी आज काढून घेते आहे, हे मला समजतं. माय बरी असती तर मी हे मरेपर्यंत बोलले नसते. पण नुसतं "आडवी करू नका" लिहिलं असतं, तर काकांपुढे तू मान खाली घातली असतीस. मला तू ठाऊक आहेस, मीही तशीच होते.

म्हणून हे पत्र काकांना वाचून दाखव. बाबांचं लिहिलं आहे ते गाळू नकोस, सगळं मोठ्याने वाच. आत्या बसली असेल तर तिच्यासमोर वाच. माझी गावात जी काही अब्रू असेल ती जाऊ दे. माय शनिवारपर्यंत बसलेली राहिली पाहिजे. गोधड्या घसरल्या तर तू तिच्या पाठीला पाठ लावून बस.

शनिवारी मी दारात येईन. मला घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव. नाही घेतलंस तर मायला ओसरीच्या कडेला आणून बसव. मी अंगणात उभी राहून तिचं करीन.

तुझ्याशी खोटं बोललेली,
तुझी बहीण
वच्छला