उतरताना म्हणायचं असतं

पिटोनी,
रविवार, १८ ऑगस्ट

प्रिय हेमी,

तू बरा असशील. इथे दोन दिवस दक्षिणेचा वारा सुटलाय, वाळत घातलेला टॉवेल शेजाऱ्यांच्या लिंबाच्या झाडावर सापडला. नायरीचा खोकला थांबला. तू पाठवलेल्या हिरव्या पिशवीतला रताळ्याचा मोड आलेला तुकडा मी कुंडीत लावला आहे.

वेगळे राहायला लागल्यापासून फोनवर आपण फक्त नायरीच्या रेनकोटबद्दल बोलतो, म्हणून हे पत्र.

घरमालक हे घर विकतोय, हे तुला माहीत आहे. फेब्रुवारीत नायरी हायस्कूलला जाणार, आणि आम्ही राहू तिथलीच शाळा तिला मिळणार. म्हणजे घर निवडायचं की शाळा, हेच मला कळेनासं झालं आहे. कारोरीतला एजंट नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, सीमा रस्त्याच्या मधोमध जाते. या बाजूचं मांजरसुद्धा चांगल्या शाळेत जातं!" समोरच्या बाजूच्या मांजराचं काय, असं विचारल्यावर तो हसला नाही.

शाळांचे निकाल आणि नकाशे वाचून माझं समाधान होईना. मग मी वेगळंच सुरू केलं. जिथे घर बघायचं, तिथून शाळेच्या वेळेला बस पकडायची आणि मुलं उतरताना ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणतात का, ते ऐकायचं. बस शहरापर्यंत गेली तर माझ्या ऑफिसचा प्रवासही कळतो. फक्त तिच्याच शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी नायरीलाही नेत होते. ती म्हणाली, "आई, तू घर बघतेयस की चोर पकडतेयस?"

कारोरीची मुलं म्हणतात, पण फोनमधून मान वर न काढता. टावा उपनगरात एक दांडगा मुलगा इतक्या जोरात ओरडला की मी दचकले. मला तो आवडला. नायरी मात्र दोन्ही ठिकाणी डोक्यावर टोपी ओढून मागच्या दाराने गुपचूप उतरली. गेल्या वर्षापासून ती परक्यांशी बोलतच नाही, तुला ठाऊक आहे. मी समजत होते की वयच तसं आहे. निदान तसं समजणं मला सोयीचं होतं.

टेकडीपलीकडच्या वायनुईची शाळा मी पाहिली नव्हती. प्रवास लांबचा, हे कारण मी स्वतःला देत होते. खरं तर वायनुईचं नावच मी विचारात घेतलं नव्हतं, कारण तिथे तू राहतोस.

परवा शुक्रवारी तुझी ड्युटी लांबली, म्हणून शनिवार-रविवारसाठी तिला तुझ्याकडे सोडायला मीच वॉटर्लू स्टेशनवरून तुमची बस धरली. चढतानाच ड्रायव्हर बाई म्हणाली, "काय गं नायरी, बाबाला कुठे विसरलीस?"

"कामावर आहे, लागीआंटी. आणि काल हरलात ना तुम्ही?"

"गप बस! रेफरी आंधळा होता."

टेकडी चढेपर्यंत, दोन्हीकडच्या पिवळ्या काटेरी झुडपांमधून, ती मागच्या सीटवरच्या दोन मुलींशी बोलत होती. बोलत होती, हेमी. मी खिडकीच्या काचेत तिचा चेहरा बघत होते. लागीने आरशातून विचारलं, "या कोण?"

"माझी आई. पाहुणी आहे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने फक्त खरं ते सांगितलं.

तुमच्या थांब्यावर नायरीने अख्ख्या बसला ऐकू जाईल असं थँक्यू म्हटलं आणि उडी मारली. मी तिच्या मागून उतरले, काहीतरी विचारात. मागून आवाज आला, "नायरी, पाहुण्यांना सांग, आमच्याकडे उतरताना थँक्यू म्हणायचं असतं!"

इतके आठवडे दुसऱ्यांच्या मुलांची परीक्षा घेत फिरणारी मी, नापास झाले. नायरी फुटपाथवर पोट धरून हसत होती. ते हसू मी कधीपासून ऐकलं नव्हतं, याचा विचार करत मी परत आले.

मी सगळं पुन्हा तपासून पाहिलं. थकले आहे म्हणून हे म्हणते आहे का? तुझ्यावर जबाबदारी ढकलते आहे का? तसं नसावं. मी ज्या घरासाठी एवढी फिरले, ते तिला आधीच सापडलेलं आहे आणि ते तुझं आहे.

तर विचारते. शाळेचे दिवस तिने तुझ्याकडे राहावं आणि शनिवार-रविवार माझ्याकडे, हे तुला जमेल का? मी वॉटर्लू स्टेशनजवळ दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत. तिथून माझी ट्रेन मिळते आणि तुमची बसही. तुझ्याकडची शाळा नकाशात कुठे येते, हे मी पाहिलेलं नाही.

तिला अजून विचारलेलं नाही. ती नाही म्हणेल याची भीती जास्त, की लगेच हो म्हणेल याची, हे मला ठरवता आलेलं नाही. तू हो म्हणालास तर मीच विचारेन, शुक्रवारी, बसमध्ये. तोवर तिला काही बोलू नकोस.

तुझ्याकडच्या तिच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही असं ती म्हणत होती. तेवढी बघ.

या वेळी उतरताना न विसरणारी,
रोवेना