करवतीचं टेबल कोणी केलं

मी, आर्डिस एलेनोर स्कोगस्टॅड, कै. व्हर्जिल स्कोगस्टॅड यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार टॅमरॅक फॉल्स, मिनेसोटा, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा दीर मर्ल लगेच म्हणेल की म्हातारीला भ्रम झाला होता. कोणाच्या सांगण्यावरून हे लिहिलेलं नाही. सांगणाऱ्यांचं ऐकण्यात आयुष्य गेलं, तेवढं पुरे झालं. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. सर्व व्यवस्था वकील गॉर्डन हॉगेन पाहतील.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी डोरीन हिला. अट एकच. स्वयंपाकघरातली कपाटं, जी तिच्या वडिलांनी १९७१ साली केली, महिन्याच्या आत उखडून अंगणात जाळावीत. त्यांचं एकही दार आजवर धड लागलेलं नाही. मी पुठ्ठ्याच्या घड्या कोंबून दिवस काढले. डोरीन, बाबांची आठवण म्हणून ठेवते म्हणू नकोस. तुझ्याकडे त्यांचं नाक आहे.

कलम २. व्हर्जिलची बर्फावर मासे धरायला बसायची खोपटी मर्लला द्यावी. तिचंही दार लागत नाही. जानेवारीत त्याने तीत बसून भावाची आठवण काढावी. मर्लच्या वडिलांचा खिशातला चाकू, ज्यावर मर्लचं नाव कोरलेलं आहे, तो व्हर्जिलच्या सामानात सापडलेला नाही. तो व्हर्जिलनेच घेतला असं मर्लने धरलं आणि त्यावरून पुढे दोघे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. व्हर्जिल शेवटच्या दुखण्यात पडून होता, तेव्हाही मर्लने उशाशी बसून विचारलं होतं, "आता तरी सांग ना रे, चाकू कुठे ठेवलास?" व्हर्जिलने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी खुर्चीत बसून विणत होते.

कलम ३. तळघरातली करवत आणि तिचं टेबल. इथे मला थोडं सविस्तर लिहावं लागेल. हॉगेन साहेबांनी कंटाळू नये.

ही विजेची करवत वरच्या दांड्याला टांगलेली असते आणि माणूस तिला आपल्याकडे ओढून लाकूड कापतो. खालचं टेबल त्या दांड्याशी तंतोतंत समांतर नसेल, तर प्रत्येक काप तिरका येतो. व्हर्जिलने ती १९६६ साली घेतली. कारखान्यातून आलेला टेबलाचा पातळ फळा पहिल्याच उन्हाळ्यात दमटपणाने फुगला. पुढची बावीस वर्षं व्हर्जिल वाकडं कापत राहिला आणि लाकडाला शिव्या देत राहिला. माझी नोकरी दारं-खिडक्यांच्या कारखान्यात होती. चौकटीचा कोपरा काटकोनात आहे की नाही ते तपासायचं, हेच माझं काम. घरी मला कोणी कधी विचारलं नाही.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हर्नियासाठी व्हर्जिल नऊ दिवस इस्पितळात होता. मी रजा काढली आणि टेबल केलं. प्लायवूडचे दोन थर, मध्ये पोलादी पट्ट्या उभ्या बसवलेल्या, म्हणजे फळा पुन्हा वाकायला नको. खालचे लोखंडी दांडे समपातळीत आणायलाच दोन दिवस गेले. मोटरचा आस खाली आणायचा, त्याच्याखाली नाताळचं एक जाड कार्ड सरकवायचं, ते सगळीकडे सारखं घासलं पाहिजे. व्हर्जिल घरी येऊन बघेल आणि खूश होईल, एवढंच डोक्यात होतं. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते, तरी इतकी खुळी होते.

तिसऱ्या दिवशी मर्ल आमचं बर्फाचं फावडं परत करायला आला. मी करवतीखाली आडवी पडलेले.

"अगं आर्डिस, हे काय मांडलंयस? व्हर्जिल आला की बघेल ना!"

"बावीस वर्षं बघतोच आहे तो. पाना दे इकडे."

त्याने पाना दिला. मग कोट काढला आणि दोन तास पट्टीचं दुसरं टोक धरून राहिला. जाताना म्हणाला, "वाईट नाही." आमच्या लोकांत याहून मोठी स्तुती कोणी करत नाही. मी दिवसभर गुणगुणत होते.

व्हर्जिल आला, त्याने एक काप घेतला, काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला, पुन्हा लावला. "हं," म्हणाला, "लाकूड सुकलेलं दिसतंय."

मार्चमध्ये चर्चच्या तळघरात जेवण होतं. व्हर्जिलने गाण्याच्या पुस्तकांसाठी केलेलं कपाट मांडलेलं, सगळी दारं लागणारं. पाळकांनी कौतुक केलं, तेव्हा व्हर्जिल म्हणाला, "टेबल नवं केलं मी. दोन थर, मध्ये पोलाद."

आणि मर्ल म्हणाला, "पाहिलंय ना मी! मरमर मेलाय बिचारा त्या टेबलापायी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मर्लच्या कपात कॉफी ओतत होते. त्याने मान वर केली नाही. मला ते फार लागलं. व्हर्जिलचं नाही इतकं, तो तसाच होता. पण मर्लने डोळ्यांनी पाहिलं होतं. मी कोट टांगायच्या खोलीत जाऊन रडले आणि परत येऊन केक कापला.

त्याच उन्हाळ्यात व्हर्जिलने टेबल खराब होऊ नये म्हणून वर ठोकलेला हार्डबोर्डचा पातळ फळा बदलला आणि नेमका करवतीच्या वाटेत खिळा ठोकला. ठिणग्या उडाल्या, पात्याचे तीन दात गेले. मर्ल शेजारीच होता. "हल्ली खिळेच वाईट येतात," म्हणाला.

कलम ४. व्हर्जिल गेल्यापासून दर रविवारी मर्ल विचारतो, "आर्डिस, ती करवत तुला काय कामाची गं?" तर मला पुरल्यावर त्याच चर्चच्या तळघरात, हॅमचे सँडविच संपायच्या आत, टेबल सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे तिवयांवर, ठेवावं आणि मर्लने सर्वांसमोर दोहोंपैकी एक करावं.

एक तर उभं राहून म्हणावं, "हे टेबल आर्डिसने केलं, मी पाहिलं, आणि मी खोटं बोललो." हेच वाक्य कागदावर लिहून खाली सही करावी. करवत आणि अखंड टेबल त्याचं.

नाही तर पुढच्या काठापासून नऊ इंचांवर टेबल आरपार कापावं. दोन थरांच्या मध्ये मी खोबण केली आहे, तीत पुरावा आहे. कापलेलं टेबल कामाचं राहणार नाही.

दोन्ही नको असेल तर करवत आणि टेबल भंगारात जावं.

कलम ५. वेगळ्या लखोट्यात. मर्लची सही वाळल्यावर किंवा टेबलाचे दोन तुकडे झाल्यावरच हॉगेन साहेबांनी मोठ्याने वाचावं.

मर्ल, त्या दिवशी पट्टी धरताना तू चाकू फळ्यावर विसरलास. दुसऱ्या दिवशी मी थर चिकटवले आणि त्याआधी तो आत ठेवला. मला मदत करणारा तू एकटाच होतास, म्हणून. जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगून तुला हसवणार होते. तू आधी बोललास.

कापलं असशील, तर चाकू समोर पडलेला आहे आणि त्यावर तुझं नाव आहे. तो टेबलाच्या पोटात कसा गेला, ते आता इथे बसलेल्या लोकांना सांग.

सही केली असशील, तर टेबल तुझं. चाकू त्यातच आहे.

सही: आर्डिस ई. स्कोगस्टॅड

आमच्यादेखत आर्डिसबाईंनी शुद्धीत सही केली. सही करून झाल्यावर त्यांनी आम्हाला कॉफी दिली.
साक्षीदार: लॉईस ब्रेक्के, शेजारीण
साक्षीदार: डेल ऑस्टबी, ग्रंथपाल

टॅमरॅक फॉल्स, मिनेसोटा
१२ नोव्हेंबर २०१९