पदराच्या पिना

गुरुवार, संध्याकाळ

आईला कळलंय की काय? परवा समीरशी मी घरच्यांना न सांगता लग्न करणार, मग अंजनवेलला समुद्रावर फोटो. घरी थाप मारलीय, सावर्ड्याला मैत्रिणीचं लग्न आहे म्हणून. तर आज आई म्हणते, "पदराला पिना जास्त लाव गो, वारा असतो."

सावर्ड्यात कुठला आलाय एवढा वारा? समुद्र तरी आहे का तिथे? फोटोग्राफर बोलला असेल? बजावलं होतं त्याला. की समीरच? पिनांची पुडी तिने स्वतः माझ्या बॅगेत घातली. बाबांना सांगून वाटेत हातखंब्याच्या नाक्यावर अडवणार असतील मला?

आत्ता बॅग उघडून पाहिली. पिनांच्या खाली हिरवा चुडा आहे. माझ्या मापाचा.